पाठीवरचे पाच किलो

शिलाई खात्यात तिला ठिणगी म्हणत. तोंडावर नव्हे. तोंडावर म्हणायची छाती कुणात नव्हती. तोंडावर ती 'बाई' होती, आणि बाईंची चप्पल जिन्यात वाजली की गप्पा थांबून मशिनी शहाण्यासारख्या चालू लागत. राग तिच्या नाकावर असे म्हणावं, तर तेही अपुरंच. नाकावरचा राग येतो आणि जातो. हिचा राग सकाळी तिच्याबरोबर कामावर येई, तिच्याबरोबर डबा खाई आणि संध्याकाळी तिच्याबरोबरच घरी जाई. दोरा गुंतला तरी राग, कात्री जागेवर नसली तरी राग, आणि सगळं जागच्या जागी असलं तर 'आज काय नाटक आहे' म्हणून राग. खात्यातल्या पोरी म्हणत, बाईंना गुदगुल्या केल्या तर त्या आधी चिडतील आणि मग हसतील.

विमानातून हौसेने उड्या मारणाऱ्यांच्या पाठीवर जी पिशवी असते, ती पिशवी आणि तिला अंगाशी धरून ठेवणारे पट्टे हा कारखाना शिवत असे. पिशवीत छत्र्या दोन. एक रोजची, एक राखीव. त्या बाहेरून येत. पण छत्री कितीही चांगली असली तरी ती माणसाला धरते ती पट्ट्यांनी, आणि पट्ट्यांना धरतो तो टाका. ठिणगीचे वडील गाड्यांच्या सीटा शिवायचे. तिथेच ती मशीन शिकली. नवीन पोरगी कामाला लागली की पहिल्या दिवशी ती तिला एकच गोष्ट सांगे, "गाडीची सीट उसवली तर माणूस कुरकुरतो. आपली शिवण उसवली तर कुरकुरायला माणूस उरत नाही. आता बस, आणि माझ्याकडे बघू नकोस, सुईकडे बघ."

नवराही तिला इथेच भेटला. तो विमानातून उड्या मारायच्या मैदानावरचा उडी-शिक्षक. उंच, लांबलचक पायांचा. स्वतःला तो ससाणा समजायचा, पण खाली उतरताना ते पाय गवतावर असे काही टाकायचा की मैदानाने त्याला एकमताने बगळा ठरवून टाकलं होतं. एकदा तो तक्रार घेऊन कारखान्यात आला, की पट्टा मांडीला काचतो. ठिणगीने पट्टा तपासला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "पट्ट्यात काही चूक नाही. मांडी चुकीची आहे." अख्खं खातं हसलं. बगळाही हसला, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी तक्रार घेऊन आला. त्या तक्रारीत काही दम नव्हता हे तिला दिसत होतं. तिने तीही सोडवून दिली. लग्नानंतर तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या पोराला आभाळात भीती वाटत नाही, म्हणून देवाने त्याला घरी दिली." ठिणगी त्यावरही चिडली होती, पण सासूबाईंशी तिचं जमलं ते त्याच दिवसापासून. तोलामोलाचं माणूस भेटलं की भांडायलाही बरं वाटतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी बगळ्याला मोजे घालता येईनात.

तो पलंगाच्या कडेला बसला होता, एका हातात मोजा, आणि वाकायचं सोडून भिंतीकडे बघत होता. सासूबाई आत आल्या. खाली बसल्या आणि आपल्या केस पिकलेल्या लेकाच्या पायात त्यांनी मोजे चढवले, शाळेत पाठवताना चढवावेत तसे. ठिणगी दारात उभी राहून बघत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती कुणावर काढावी हे तिला कळेना. पाठीवर? पाठ कुठे ऐकते?

बगळ्याची पाठ एका दिवसात गेली नव्हती. ज्यांना स्वतःला उडी येत नाही अशा लोकांना शिक्षक आपल्या पोटापुढे बांधून घेतो आणि दोघं एका छत्रीखाली उतरतात. या जोडउडीचा सरंजाम, म्हणजे छत्र्या, पिशवी आणि पट्टे, साध्या उडीच्या दुप्पट जड. तो पाठीवर घेऊन विमानात चढायचं, वर पोचल्यावर पुढे बांधलेल्या माणसासकट दारापर्यंत गुडघ्यांवर सरकत जायचं, छत्री उघडताना दोघांचा हिसका सोसायचा, खाली उतरलं की तोच सरंजाम गुंडाळून खांद्यावर टाकायचा आणि शेडपर्यंत चालत यायचं. आणि गर्दीच्या दिवशी हे पुन्हा, पुन्हा, पुन्हा. हमालाला निदान हमाल म्हणतात.

डॉक्टर त्यांनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा गाठला, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. डॉक्टरने फिल्म उजेडापुढे धरली. मणक्यांमधली गादी सरकली होती आणि पायाकडे जाणारी शीर दाबली जात होती. "वजन बंद," डॉक्टर म्हणाला. "पुन्हा असाच हिसका बसला तर पाय बधिर होईल, आणि त्यात पुन्हा जाणीव येईलच असं मी सांगू शकत नाही. काम काय करता?"

"गोदामात आहे," बगळा म्हणाला.

"मग गोदाम बदला."

घरी येताना बसमध्ये बगळ्याने तिच्याकडून वचन घेतलं. मैदानावरचा डॉक्टर वर्षातून एकदा डोळे, कान आणि रक्तदाब बघायचा. पाठीला तो हातसुद्धा लावत नसे. म्हणजे कुणी सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. "तू कुणाला बोललीस तर माझं आभाळ संपलं," बगळा म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही गं. मला खाली बसवून ठेवलंस तर पाठ राहील, मी राहणार नाही. माझी शपथ आहे तुला."

ठिणगीने शपथ घेतली, आणि त्या क्षणापासून स्वतःवर चिडली. नाही म्हणायला हवं होतं. पण तो बसच्या खिडकीतून वर बघत होता, आणि तसं बघणाऱ्या माणसाला नाही म्हणणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं नाही. शिवाय पुढे बांधलेल्या लोकांचं काय? उतरताना याचा पाय बधिर झाला तर? हा प्रश्न तिने त्याला विचारला नाही. घरी आल्यावर तिने भांडी घासली. घासली म्हणजे त्यांच्यावर सूड उगवला.

माणसाचं आभाळ काढता येत नाही, तर पाठीवरचं ओझं काढायचं, असं तिने ठरवलं. ओझं तर तिच्याच कारखान्यात शिवलं जात होतं. दुसऱ्या दिवशी ती मालकाच्या खोलीत शिरली आणि जोडउडीचा सरंजाम हलका करायचा म्हणून बसली. मालक तयारच होता. सगळीकडे हलक्या मालाची मागणी वाढली होती, आणि आपला माल जड म्हणून परत येतोय हे त्याला बोचत होतं. खरं कारण त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग खात्यात जे सुरू झालं ते पोरी अजून आठवतात. ठिणगीने जुना सरंजाम टेबलावर पसरला, त्याचे टाके उसवले आणि प्रत्येक तुकडा तराजूवर घातला. जे काढलं ते एका पत्र्याच्या ट्रेमध्ये. दिवस संपला की ट्रेचं वजन. पाठीला टेकणारा फोम गरजेपेक्षा जाड होता, तो गेला. जिथे कापड दुहेरी होतं आणि एकेरी चाललं असतं तिथलं एक कापड गेलं. पोलादी कड्यांच्या जागी टायटॅनियमच्या आल्या. ट्रे भरला तरी तिचं समाधान होईना. "हा कप्पा कशाला?" ती ओरडे. "उडी मारताना कुणी चष्मा ठेवतं का यात? काढा!"

एका पोरीने भाबडेपणाने सुचवलं, की बाई, मुख्य पट्ट्यांवर चौकट घालून आत फुली मारतो तो टाका आहे, त्याचा दोरा बारीक घेतला तर? ठिणगीने हातातली कात्री हळूच टेबलावर ठेवली, कारण हातात राहिली असती तर काय झालं असतं ते तिलाच माहीत नव्हतं. "वजन कमी करायचंय," ती म्हणाली, "माणसं नाही." त्या पट्ट्यांना आणि त्या टाक्याला तिने शेवटपर्यंत बोट लावलं नाही.

खरी जुंपली ती मालकाशी. पिशवीच्या पाठीवर मालकाने आपल्या कारखान्याचं चिन्ह भरतकामात काढून घेतलं होतं. पंख पसरलेलं काहीतरी. गरुड म्हणे, पण दिसायचा खात्यापित्या घरचा कावळा. त्याच्या खाली रबराचा जाड थर. ठिणगीने तो गरुड सोलून ट्रेमध्ये टाकला. मालक धावत आला.

"बाई, हे चिन्ह माझ्या वडिलांनी काढलंय!"

"मग घरी भिंतीवर लावा. तुमच्या वडिलांचं ओझं दुसऱ्यांनी का वाहायचं?"

मालक लाल झाला, पांढरा झाला आणि शेवटी गरुड हातात घेऊन निघून गेला. तिला कामावरून काढणं त्याला परवडणार नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

नवा सरंजाम यंत्रावर ताणून बघितला, वाळूच्या पोत्यांना बांधून विमानातून टाकला, पुन्हा टाकला. काही उसवलं नाही. तराजूवर ठेवला तेव्हा जुन्यापेक्षा जवळजवळ पाच किलो कमी भरला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. ठिणगी म्हणाली, "टाळ्या काय वाजवताय, मशिनी कोण पुसणार?" आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुवून आली.

मैदानावर नवे सरंजाम गेले आणि घरात फरक दिसायला लागला. बगळा संध्याकाळी आला की स्वतः वाकून बुटाचे बंद सोडायचा. सासूबाई ते बघायच्या आणि न बघितल्यासारखं करायच्या. एकदा त्या सुनेला म्हणाल्या, "तू फार तोंडाळ आहेस. पण हात देवाचा आहे तुझा." ठिणगीने ते दिवसभर मनात घोळवलं आणि त्या दिवशी कारखान्यात कुणालाच शिवी बसली नाही. पोरी घाबरल्या.

हे सुख महिनाभर टिकलं असेल नसेल. मग गरम पाण्याची पिशवी पुन्हा पलंगावर दिसू लागली. मग बगळा बूट घालूनच आत येऊन बसायला लागला.

"काय झालं?" ठिणगीने विचारलं.

"काही नाही. आज माणसं जरा भरलेली होती."

"भरलेली म्हणजे?"

"म्हणजे... अंगाने."

"शंभर किलोच्या वर घेत नाहीत ना तुमच्याकडे? मग भरून भरून किती भरणार?"

चोराच्या मनात चांदणं असतं, आणि याच्या तर तोंडावर पडलं होतं. शेवटी बाहेर आलं ते असं. छत्रीला एकूण किती वजन पेलायचं याची हद्द ठरलेली असते. शिक्षक, समोरचा माणूस आणि सरंजाम, सगळं मिळून. सरंजाम पाच किलो हलका झाला म्हणजे हद्दीत पाच किलोची जागा झाली. मॅनेजरने त्याच आठवड्यात खिडकीवरची पाटी बदलली. शंभरच्या जागी एकशेपाच.

ठिणगीला आधी ऐकूच आल्यासारखं झालं नाही. मग तिच्या कानशिलांत घण वाजायला लागले. तिने ग्रॅम ग्रॅम खरवडून काढला होता. फोम, कापड, कड्या, मालकाच्या बापाचा गरुड! आणि त्या आयत्या पिठावर मॅनेजरने रेघोट्या ओढल्या. नवऱ्याच्या पाठीवरून पाच किलो उतरले आणि त्याच्या पोटापुढे येऊन लटकले, जिथे ते कण्याला दुप्पट ओढतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आणि तुम्ही काय केलंत?" ती ओरडली. "होय म्हणालात?"

"सगळ्यांना विचारलं त्याने. सगळे होय म्हणाले. मी एकटा नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं."

"सांगायचं होतं!"

"हळू बोल. आणि छत्रीला काय कळतंय, वजन कापडाचं आहे की माणसाचं? एकूण तेवढंच."

"छत्रीला नाही कळत! तुमच्या मणक्याला कळतं ना! की त्यालाही शपथ घातलीय?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं." आणि पाणी तापायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर मॅनेजरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, पण तिने तोंड उघडायच्या आत मॅनेजर खुर्चीतून उठला. "अरे वा, बाई! तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. पूर्वी किती लोकांना आम्ही वजनासाठी परत पाठवायचो, माहितीये? बिचारे तोंड पाडून जायचे. तुमच्यामुळे आता त्यांनाही आभाळ बघायला मिळतं." तो अगदी मनापासून बोलत होता, आणि तेच जास्त झोंबलं. वाईट माणसाला चार शब्द ऐकवता येतात. याला काय ऐकवायचं? हद्द पुन्हा खाली आणा म्हणावं, तर का ते सांगायला हवं, आणि का ते सांगायचं नाही अशी शपथ. तोंडात निखारा धरून ती परत आली. त्या दिवशी कारखान्यात तिने तीन पोरींना रडवलं, त्यातली एक तर नुसती पाणी द्यायला आली होती.

खात्यात टेबलावर जोडउडीचा पुढच्या माणसाचा साज, म्हणजे अंगात घालायचा पट्ट्यांचा जोड, पडला होता. शिक्षकाच्या साजाला अडकवायचा असतो तो. त्याचे मांडीचे पट्टे लांबलचक. लहान माणसाला घातला की टोकं गुडघ्यापर्यंत लोंबायची. ठिणगी त्या लोंबत्या टोकांकडे बघत राहिली. पट्ट्याच्या टोकाचा हूक मांडीला वळसा घालून कडीत अडकवायचा. पोचला नाही तर माणूस बांधलाच जात नाही. आणि बांधला नाही तर वर जात नाही.

तिने कटिंगमास्तरला हाक मारली. कारखान्यात सगळ्यांत वजनदार माणूस तो. शंभराला अगदी टेकलेला. तिने त्याच्या मांडीभोवती टेप गुंडाळला.

"बाई, माझं लग्न झालंय," कटिंगमास्तर म्हणाला.

"तुझ्या मांडीवर माझं काही अडलेलं नाही. हलू नकोस."

त्याच्या मापापेक्षा तसूभर जास्त ठेवून तिने बाकीचं टोक कापलं, हूक नव्याने लावला, टाका नेहमीचाच पक्का घातला. मालकाला म्हणाली, उगाच लोंबणारी शेपूट काढली, आणखी वजन वाचलं. मालक खूश. जुने साज टप्प्याटप्प्याने परत मागवून नवे द्यायचं ठरलं, आणि पहिले नवे साज ज्या दिवशी मैदानावर निघाले त्या दिवशी, रीतीप्रमाणे, शिवणारं माणूस म्हणून ठिणगीही बरोबर गेली. नव्या मालाच्या पहिल्या उडीला ती नेहमीच जात असे. पण एवढं समाधान तिला कधी वाटलं नव्हतं. शपथही राखली आणि नवराही राखला, अशा ऐटीत ती शेडमध्ये उभी होती.

रांगेत पहिली एक बाई होती. बुटकी, अंगाने रुंद, गालांवर आनंद मावत नव्हता. बहीण तिचे फोटो काढत होती. काट्यावर ती नव्वदीच्या आतच भरली होती. एका शिक्षकाने तिला साज चढवला. खांद्याचे पट्टे बसले, छातीचा बसला. मग त्याने मांडीचा पट्टा ओढला. हूक कडीच्या अलीकडे थांबला. त्याने पुन्हा ओढला. बाईने श्वास आत घेतला, जणू श्वासाने मांडी बारीक होते. रांगेतलं कुणीतरी हसलं. बहिणीने फोन खाली केला.

ठिणगी त्या हुकाकडे बघत राहिली. आयुष्यभर टेप गळ्यात घालून फिरणाऱ्या बाईने पट्ट्याने वजन मोजायला घेतलं होतं. पट्टा घेर मोजतो. किलो नाही मोजत. एवढी साधी गोष्ट रागाच्या भरात तिच्या नजरेतून सुटली होती.

"सॉरी, मॅडम," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "बसत नाहीये."

"पण काट्यावर तर तुम्हीच हो म्हणालात," ती बाई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी... मी फार जाड आहे का?"

तेवढ्यात रांगेतला पुढचा माणूस आला. उंचापुरा, खांदे दारासारखे, पाय मात्र सडसडीत. काट्याने एकशेचार दाखवले. मांडीचा हूक टचकन कडीत बसला, आणि वर पट्टा शिल्लक राहिला. "याला बगळ्याकडे द्या," मॅनेजर म्हणाला. "उंचीला उंची बरी."

बगळा पुढे आला. गड्याला पाठमोरा उभा करून त्याने बाजूचा पट्टा आवळला. आवळताना त्याचा डावा हात नकळत कमरेमागे गेला आणि तिथेच राहिला. तोंडावर हसू होतं. ते हसू घरात सासूबाईंसाठी ठेवलेलं असायचं, काही दुखत नाही असं सांगायचं.

"थांबा!" ठिणगी म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. ती आधी त्या बुटक्या बाईपाशी गेली. "तुमच्यात काही खोट नाही," ती म्हणाली. मऊ बोलायची सवय नसल्याने ते रागावल्यासारखंच वाटलं. "पट्टा आखूड आहे. मी केलाय. मुद्दाम."

"मुद्दाम?" मॅनेजर म्हणाला.

"हो, मुद्दाम! जड माणसं येऊ नयेत म्हणून! ही नाही, तो!" तिने एकशेचारवाल्याकडे बोट केलं. "त्याचाही दोष नाही. दोष तुमच्या पाटीचा आहे, आणि माझा आहे, आणि याचा आहे." बोट बगळ्याकडे वळलं. बगळ्याने मान हलवली. अगदी थोडी, नको म्हणून. तिला ती दिसली.

"माझ्या नवऱ्याची पाठ गेलीय," ती म्हणाली. "गादी सरकलीय. डॉक्टरने वजन बंद सांगितलंय. हा सकाळी स्वतःचे मोजे घालू शकत नाही, आणि तुम्ही याच्या पोटावर दुसऱ्यांचे जीव बांधताय. आणि मी हे माहीत असून गप्प बसले."

मॅनेजरने बगळ्याकडे बघितलं. "खरं आहे?"

बगळ्याला खोटं बोलता आलं असतं. ठिणगीला राग येतो, तिचं काय ऐकता, एवढं म्हणाला असता तरी निम्म्या लोकांनी विश्वास ठेवला असता. तो बायकोकडे बघत राहिला. तिने नजर खाली केली नाही. मग त्याने समोरच्या माणसाच्या साजाचा आवळलेला पट्टा सैल केला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुम्हाला दुसरा कुणीतरी नेईल." स्वतःच्या छातीचा हूक सोडला, मांड्यांचे सोडले, सरंजाम उतरवून जमिनीवर ठेवला आणि तो शेडच्या बाहेर चालू लागला.

बुटक्या बाईला जुन्या साजातला एक आणून द्यायला सांगून ठिणगी त्याच्या मागे निघाली. तो भराभर चालत होता, डावा पाय किंचित ओढत. ती हाका मारत होती आणि तो वळत नव्हता.

"शपथ मोडली मी!" ती मागून ओरडली. "मोडली! पुन्हा मोडेन! ऐकताय का? तुमच्याकडे मी कधी काही मागितलं नाही, आज मागते. नका बोलू माझ्याशी. जन्मभर नका बोलू. पण तो अबोला आपल्या दोन पायांवर उभं राहून धरा!"

गवताच्या कडेशी तो थांबला. तिच्याकडे त्याने बघितलं नाही, वर बघितलं, जिथे दुसऱ्या कुणाची छत्री नुकतीच उघडत होती. ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तो एक शब्द बोलला नाही, आणि तिचा राग एवढासुद्धा कमी झाला नव्हता.